टँपाला घर घेताय? किचन नंतर बघा, आधी छप्पर

तुम्ही विचारलंय की जुलैत फ्लोरिडातल्या टँपाला बदली आहे, ऑगस्टमध्ये घर घेऊ आणि वादळाचं, विम्याचं स्थिरस्थावर झाल्यावर बघू, चालेल का? नाही चालणार.

इथला वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तुम्ही ऐन भरात घर घेणार. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात, आणि विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही. घराचा ताबा लांबू शकतो, तेव्हा भाड्याची जागा महिनाभर जास्तीची धरून ठेवा.

घर बघायला गेलात की पहिला प्रश्न छताच्या वयाचा. जुनं असेल तर विमा मिळतानाच मारामार. 'विंड मिटिगेशन' तपासणीही करून घ्या. छत भिंतींना कशाने जखडलंय, खिडक्यांना शटर आहेत का, हे इन्स्पेक्टर लिहून देतो आणि त्यावर हप्ता कमी होतो.

आता खरी मेख. घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. वाऱ्याने छप्पर फाटून पाऊस आत आला तर भरपाई मिळते, पण तेच पाणी रस्त्यावरून दारातून आत आलं तर काही नाही. त्याला वेगळी फ्लड पॉलिसी लागते. सरकारी योजनेत घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. सामानाचा विमा वेगळा मागावा लागतो. एरवी फ्लड पॉलिसी ३० दिवसांनी लागू होते, पण घराच्या कर्जाबरोबर घेतली तर ही अट नाही. म्हणून तेव्हाच घ्या. "एक्स झोन (नकाशावर पुराचा धोका कमी असलेला भाग) आहे, गरज नाही," असं कोणीतरी सांगेलच. त्याचा अर्थ सक्ती नाही, एवढाच.

हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे वादळाच्या नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा वाटा, टक्क्यांत असतं, नुकसानीच्या नव्हे, विम्याच्या रकमेच्या. घराचा विमा चार लाखांचा आणि २ टक्के, तर पहिले आठ हजार डॉलर तुमच्या खिशातून. हप्ता कमी दिसतो म्हणून ५ टक्के घेतलेत तर वीस हजार.

आमची फजिती २०२४ च्या मिल्टन वादळाच्या आदल्या दिवशी झाली. शटरचे पत्रे गॅरेजमधून काढले. आधीच्या मालकाने प्रत्येकावर मार्करने नंबर घातलेले, भला माणूस! पण नट गंजलेले, काही गायबच. दुकानात गेलो तर नटांचा कप्पा रिकामा. तीन खिडक्यांना शेवटी प्लायवूड ठोकलं. तेव्हापासून मे महिन्यातला एक शनिवार सगळे पत्रे लावून बघण्यात जातो. नवरा कुरकुरतो, पण लावतो. त्याच दिवशी कपाटं, ड्रॉवर उघडून घरभर व्हिडिओ काढते. क्लेमच्या वेळी कुठला टीव्ही होता हे आठवत बसावं लागत नाही.

इव्हॅक्युएशन झोन (वादळात घर सोडायला कधी सांगतील) आणि फ्लड झोन (पुराचा धोका किती) वेगळे, दोन्ही बघा. आणि घरामागे जाळीचा पोर्च असेल तर तो पॉलिसीत आहे का, हे लेखी विचारा. आमचा नव्हता, ते जाळी उडून गेल्यावर कळलं.