खोदाईत खडक आणि बुजवलेली विहीर लागली, तर वाढीव पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ बंगला बांधतोय. ठेकेदाराशी चौरस फुटाच्या दराने 'खोदाईसह' करार झालाय. बाराही खड्ड्यांत तळाला काळा खडक लागला आणि एका कोपऱ्यात बुजवलेली विहीर निघाली. आता तो वाढीव पैसे मागतोय, काम बंद आहे. मला द्यावे लागतील का?

उत्तर:

खडकाचे बहुधा नाही, विहिरीचे बहुधा हो. 'बहुधा' अशासाठी की तुमचा करार मी वाचलेला नाही. आणि मी स्वतः वीसेक वर्षं इथे बांधकामाचे ठेके घेतोय, म्हणजे अशा भांडणात एरवी मी तुमच्या समोरच्या बाजूला असतो. ते लक्षात ठेवून वाचा.

आधी खडक. अख्खं नाशिक बेसाल्टवर बसलंय. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. प्रश्न असतो तो किती फुटांवर लागेल एवढाच, आणि एकाच प्लॉटच्या दोन टोकांना त्यात चार-पाच फुटांचा फरक पडलेला मी पाहिलाय. इथे धंदा करणारा माणूस 'खडक लागेल असं वाटलं नव्हतं' म्हणाला तर मला तरी ते पटणार नाही. आजूबाजूच्या प्लॉटवर पोकलेनला ब्रेकर लावलेला त्यानेही पाहिला असेल. 'खोदाईसह' लिहून दर दिला तेव्हा खडकाची जोखीम त्याने दरात धरली, किंवा काम हातचं जाईल म्हणून धरली नाही. दोन्हीत तुमचा दोष नाही.

मात्र करार पुन्हा नीट वाचा. 'खोदाई ५ फुटांपर्यंत' किंवा 'मुरमापर्यंत' असे शब्द कुठेतरी असतात, बऱ्याचदा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. तसे असतील तर त्याखालचं काम वेगळं धरलं जाईल. तुम्ही त्याला माती परीक्षणाचा अहवाल दिला असेल आणि त्यात आठ फुटांपर्यंत मुरूम दाखवला असेल, तरीही त्याची बाजू भक्कम होते, कारण त्याने दर तुमच्या कागदावर विसंबून दिला.

विहिरीची गोष्ट निराळी. शहराभोवतीचे कितीतरी लेआउट द्राक्षबागांवर आणि मळ्यांवर पडलेत. प्लॉट पाडताना विहीर डबर-मातीने भरतात, वरून रोलर फिरवतात, की झाला चौकोनी प्लॉट. वरून बघून कुणाला काही कळत नाही. कळू शकतं ते कागदावरून. बिनशेती होण्याआधीचा जुना सातबारा काढा. त्यात गाव नमुना १२ मध्ये 'जलसिंचनाचे साधन' असा रकाना असतो, आणि कधी कधी इतर हक्कांतही विहिरीची नोंद सापडते. ती नेमकी कुठल्या कोपऱ्यात होती हे सातबारा सांगत नाही, त्यासाठी गटातल्या जुन्या शेतकऱ्याला गाठावं लागतं. पण विहीर होती एवढं तरी कळतं. जमीन तुमची, तिचे कागद तुमच्याकडे. म्हणून हा भार मालकाकडे जातो असं मला वाटतं.

सरकारी आणि मोठ्या कामांत हा वाद इतका चिघळत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे असतात. जे लागेल ते मोजायचं आणि त्या दराने बिल करायचं. मोठ्या प्रकल्पांत फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नमुना करार वापरतात. त्यातल्या १९९९ च्या 'रेड बुक' या बांधकाम करारात ४.१२ हे कलम याच विषयावर आहे. अनुभवी ठेकेदाराला निविदा भरताना जे रास्तपणे ओळखता आलं नसतं, तेवढ्याचीच भरपाई मिळते. आणि २८ दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर हक्क जातो. वर खडक आणि विहीर मी वेगळी केली ती याच कसोटीवर. तुमच्या करारात असं कलम नसणार, पण मध्यस्थ बसवलात तर तोही याच अंगाने विचार करेल.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ५६ नुसार काम अशक्य झालं तर करार संपतो, पण नुसतं महाग पडलं म्हणून संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये अलोपी परशाद खटल्यात हे स्पष्ट केलंय. उलट करारात नसलेलं काम कुणी तुमच्यासाठी फुकट करायचं नाही या हिशेबाने केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर कलम ७० खाली मोबदला द्यावा लागतो. विहिरीचं काम गुपचूप करून घेऊन नंतर 'खोदाईसह' दाखवायचा विचार असेल तर तो सोडा.

आता पैशांचं. ठेकेदार बहुतेक डंपरच्या खेपा मोजून आकडा सांगत असेल. ते मान्य करू नका. फुटलेला खडक फुगतो, सहज दीडपट होतो. मोजायचं ते खड्ड्यात. समजा ६ बाय ६ चे १२ खड्डे आहेत आणि प्रत्येकात तळाचे २ फूट खडक आहे. एका खड्ड्याचे ७२ घनफूट, बारांचे ८६४, म्हणजे ८.६४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). डंपरमध्ये तोच माल १३ ब्रास दिसेल. खडकाचे काही पैसे देऊन काम पुढे न्यायचं ठरवलंत (मी कदाचित ठरवेन, बंद साइटचा तोटा दोघांनाही होतो) तर या ८.६४ वर बोला. त्यातूनही त्या खोलीची साधी खोदाई दरात आधीच धरलेली आहे, तेवढी वजा करून फक्त फरक द्या.

हे मी शिकलो ते पदरचे पैसे घालवून. म्हसरूळच्या बाजूला एका कामात असाच भराव लागला. मालक तोंडी 'बघू नंतर' म्हणाले, मी सगळा भराव काढून, खालून काँक्रीटने भरून वर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, टाकलं. बिल दिल्यावर मालकांनी विचारलं, किती खोल होतं? माझ्याकडे ना माप, ना फोटो, आणि खड्डा काँक्रीटखाली गेलेला. निम्म्याहून कमी रकमेवर सही करून बाहेर पडलो. मालकांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

जुन्या नाशकात, वाडे पाडून बांधतात तिथे, यापेक्षा मजा असते. पेव (धान्याचं तळघर), हौद, वाड्याखाली आणखी जुना पाया. तिकडे गोदाकाठच्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं. म्हणजे वस्तीवर वस्ती आहेच. खोदताना दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ही दहा रुपयांची मर्यादा अजून तशीच आहे. तुमच्या विहिरीत फार तर जुना पाइप सापडेल.

विहिरीवर काय करायचं हे ठेकेदाराला ठरवू देऊ नका. 'डबर ठासून वर फुटिंग टाकतो' म्हणेल. तो भराव पुढची कित्येक वर्षं बसत राहतो आणि भिंतीला तडे जातात. आरसीसी डिझायनरला साइटवर बोलवा. कॉलम सरकवून विहिरीवरून बीम न्यायचा की भराव काढून काँक्रीटने वर यायचं, हे तो ड्रॉइंगवर देईल. ड्रॉइंग बदललं की एखादं ठरलेलं फुटिंग रद्दही होतं. त्याचं काँक्रीट आणि सळई वाढीव बिलातून वजा करायला सांगा. ठेकेदार स्वतःहून हे कधीच काढत नाहीत, मीही काढत नाही.

उद्या सकाळी तुम्ही, ठेकेदार आणि डिझायनर टेप घेऊन खड्ड्यांपाशी भेटा. प्रत्येक खड्ड्याचं माप, खडक कुठून सुरू होतो ती खोली, विहिरीचा व्यास, टेप दिसेल असे फोटो, आणि त्या कागदावर तिघांच्या सह्या. दर ठरला नाही तरी चालेल. पण सह्या होईपर्यंत पीसीसीचा, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटचा, एक घमेलाही पडू देऊ नका.