संसदेतले भाषण वाचायचे कसे?

प्रश्न : बॅ. नाथ पै यांचे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर झालेच नाही. तरी त्याचा इतका उल्लेख का होतो? ते मुळातून वाचायचे तर सुरुवात कुठून करावी? (विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : सुरुवात सभागृहात नव्हे, सर्वोच्च न्यायालयात करा. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे अनुच्छेद १३ नुसार रद्द ठरतात; घटनादुरुस्ती हाही त्यातला 'कायदा'च आहे, म्हणून यापुढे संसदेला दुरुस्ती करूनही मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. शंकरी प्रसाद (१९५१) आणि सज्जन सिंग (१९६५) या खटल्यांत न्यायालयाने याच्या उलट भूमिका घेतली होती. त्यामुळे अडचण खरी होती आणि ती सरकारपुरती नव्हती.

यावर पहिले ठोस पाऊल विरोधी बाकावरून पडले. राजापूरचे खासदार आणि प्रजा समाजवादी पक्षाचे नेते नाथ पै यांनी १९६७ मध्येच, घटनादुरुस्ती कशी करायची हे सांगणारा अनुच्छेद ३६८ दुरुस्त करणारे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले. राज्यघटनेतल्या कोणत्याही तरतुदीत, मूलभूत हक्कांच्या भागातसुद्धा, दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार शब्दांत स्पष्ट करावा, एवढीच त्यातली मागणी. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. मंजूर मात्र झाले नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली आणि लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत झाली, म्हणजे आपोआप संपली. पुढे तीनच आठवड्यांत, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पै गेले.

आता त्याच वर्षाची चोविसावी घटनादुरुस्ती शेजारी ठेवून वाचा. अनुच्छेद ३६८ चे समासशीर्षक आधी नुसते दुरुस्तीच्या 'कार्यपद्धती'बद्दल होते. त्यात संसदेचा 'अधिकार' हा शब्द आला. अनुच्छेद १३ ला चौथा खंड जोडून घटनादुरुस्तीला तो अनुच्छेद लागू नाही असे म्हटले. गाभा तोच, विधेयक मात्र सरकारचे. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली, म्हणजे दुरुस्ती करूनही राज्यघटनेचा गाभा संसदेला बदलता येणार नाही असे ठरवले. नाथ पैंची बाजू बरोबर होती की गोलकनाथमधल्या बहुमताची, यावर आजही मतभेद होतील. मूलभूत चौकटीची मर्यादा आली हे बरेच झाले, असे आमचे मत. पण तो वाद नेमक्या शब्दांत सभागृहापुढे आणणे हे एका सदस्याचे मोठे काम होते, आणि त्याचे मोल मंजुरीवर ठरत नाही.

वाचण्याचा क्रम असा ठेवा : आधी विधेयकाचा मसुदा आणि त्याला जोडलेले 'उद्देश व कारणे' हे निवेदन, मग संयुक्त समितीचा अहवाल व त्यातल्या भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्यांची लेखी मते), आणि शेवटी चर्चा. बहुतेक जण थेट भाषणाला हात घालतात आणि कोण कोणाला उत्तर देतो आहे हेच कळत नाही. एक अडचण आधीच सांगतो. अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, तेही एका शुक्रवारी विधेयके तर पुढच्या शुक्रवारी ठराव. त्यामुळे एकच चर्चा कित्येक महिन्यांवर विखुरलेली असते. एका तारखेचा खंड काढून चर्चा संपली असे समजू नका; मागचे-पुढचे शुक्रवार तपासा.

प्रश्न : इंटरनेटवर जुनी भाषणे शोधताना नाव टाकले की भलतेच निकाल येतात. काय चुकते? (ग्रंथपाल, सातारा)

उत्तर : नावांची नोंद एकसारखी नसते. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरे, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. म्हणून संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात नावाऐवजी लोकसभेचा क्रमांक, अधिवेशन आणि तारीख यांवरून शोधा. अलीकडच्या चर्चेच्या प्रतीवर 'असंशोधित' असा शिक्का असेल तर उद्धृत करण्यापूर्वी अंतिम प्रत पाहा. मजकुरात नुसत्या चांदण्या दिसल्या तर तो भाग अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून काढलेला असतो. वर्तमानपत्राच्या कात्रणावरून तो भरून काढू नका. काही भाषणे प्रत्यक्ष झालेली नसतात, वेळेअभावी लेखी प्रत पटलावर ठेवलेली असते. तशी खूण असते, ती पाहा, म्हणजे न झालेल्या टाळ्यांचे वर्णन लिहिण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : आमच्या खासदारांची हजेरी आणि प्रश्नसंख्या यांवरून त्यांचे काम जोखता येईल का? (निवृत्त शिक्षिका, नांदेड)

उत्तर : अर्धेच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांची तुलना इतरांशी करताच येत नाही. प्रश्नांचे म्हणाल तर लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. त्यासाठी सोडत असते, म्हणजे संख्येत नशिबाचाही भाग आहे. शिवाय तासाभरात तोंडी उत्तरे मोजक्याच प्रश्नांची होतात.

संख्येपेक्षा तीन गोष्टी पाहा. पुरवणी प्रश्नाने मंत्र्यांकडून नवी माहिती निघाली का? 'माहिती घेऊन कळवतो' असे उत्तर आले, तर ते आश्वासन ठरून सरकारी आश्वासन समितीकडे जाते आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत लागते. ते पुढे पुरे झाले का? आणि विधेयकावर खंडवार चर्चा सुरू असताना त्या सदस्याच्या नावाची दुरुस्ती सूचना होती का? ही तिसरी कसोटी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुरुस्ती सुचवायला विधेयक ओळीओळीने वाचावे लागते. ती आवाजी मतदानात पडली तरी नोंद राहते.

मत कोणत्या बाजूने दिले यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. सदस्याचे स्वतःचे म्हणणे मतापेक्षा भाषणात आणि भिन्नमतपत्रिकेत अधिक सापडते.

प्रश्न : घटनादुरुस्तीला 'दोन तृतीयांश' म्हणजे नेमकी किती मते? (वाचक, चिपळूण)

उत्तर : दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. ५४३ च्या लोकसभेत पहिल्या अटीला २७२ मते हवीत. ४५० जणांनी मत दिले तर दुसऱ्या अटीला ३०० लागतील. ३९० जणांनीच दिले तर दोन तृतीयांश म्हणजे २६०, पण तेवढ्यावर भागत नाही, २७२ लागतातच. हीच मोजणी राज्यसभेतही स्वतंत्रपणे होते, आणि संघराज्याशी निगडित काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही घ्यावी लागते.