आपण त्याला छळतोय का? आजारी बोक्याच्या घरगुती शुश्रूषेचा एक समुपदेशन अनुभव

घरात गंभीर आजारी मांजर असलेली माणसे माझ्याकडे मांजराविषयी बोलायचे म्हणून क्वचितच येतात. ती झोप लागत नाही म्हणून येतात, चिडचिड वाढली म्हणून येतात, नवराबायकोतल्या अबोल्यासाठी येतात आणि बऱ्याच वेळाने, काहीशी ओशाळून, खरा प्रश्न सांगतात. तो बहुतेकांचा सारखाच असतो: हे औषधपाणी आपण त्याच्यासाठी करतो आहोत की स्वतःच्या समाधानासाठी, आणि या खटाटोपात त्या मुक्या जिवाचा छळ तर होत नाही ना? पुण्यातील एका कुटुंबाबरोबर या प्रश्नावर केलेले काम त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मिलिंदराव शेहेचाळीस वर्षांचे. राहायला सहकारनगरला, नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, हिशेब विभागात. रात्री तीनला जाग येते आणि कामात आकडे चुकू लागले आहेत, या तक्रारीवरून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. पहिल्या भेटीत रोजचा लांबचा प्रवास, आईचे वय, मुलीची दहावी असे सगळे विषय होऊन गेले, आणि उठता उठता ते म्हणाले, "घरी बोका आजारी आहे. पण तेवढ्यावरून काही माणसाची झोप उडत नाही." मी त्यांना पुन्हा बसायला सांगितले.

गोटू तेरा वर्षांचा होता आणि त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार झाला होता. उतारवयातील मांजरांमध्ये हा आजार सर्रास आढळतो, आणि तो कळतो तोही उशिरा, कारण रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी क्षमता गेलेली असते आणि गेलेला भाग पुन्हा तयार होत नाही. उपचारांचा हेतू त्यामुळे बरे करणे हा नसून शरीरातील पाणी राखणे, मळमळ कमी ठेवणे आणि भूक टिकवणे हा असतो. पशुवैद्यांनी गोटूला दिवसाआड १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाइन त्वचेखाली देण्यास सांगितले होते आणि ते कसे द्यायचे हे मिलिंदरावांना दवाखान्यात करून दाखवले होते. खांद्यांच्या मधली सैल कातडी उचलून सुई घालायची, द्रावण हळूहळू जाऊ द्यायचे. तेथे पाण्याचा फुगा येतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. सांगायला सोपे वाटते.

प्रत्यक्षात रात्री नऊला मिलिंदराव घरी पोहोचत, आणि सलाइनची बाटली हलल्याचा आवाज येताच गोटू दिवाणाखाली शिरे. मग झाडूच्या दांड्याने त्याला बाहेर काढणे, टॉवेलमध्ये गुंडाळणे, त्यांच्या पत्नी अनघाताईंनी मान फिरवून त्याला धरणे आणि आतल्या खोलीतून आजींनी "मुक्या जनावराला कशाला टोचता रे, सुखानं जाऊ द्या त्याला" असे म्हणणे, हा क्रम ठरून गेला होता. अनघाताईंना उपचार थांबवण्याची कल्पनाही सहन होत नव्हती. सईला, म्हणजे मुलीला, परीक्षा होईपर्यंत "त्याचं पोट बिघडलंय" असे सांगून ठेवले होते. या तिघींच्या मध्ये सुई हातात घेतलेला माणूस एकटा उभा होता, आणि तेरा वर्षे पायांत घुटमळणारा बोका आता त्याची चाहूल लागताच पळत होता. त्यांची झोप का उडाली होती याचे उत्तर शोधण्यासाठी मला फार खोल जावे लागले नाही.

त्यांना सर्वांत जास्त लाज वाटत होती ती दुःखाचीच. कार्यालयात सांगितले असते तर लोक हसले असते, असे ते म्हणाले, आणि बहुधा ते खरेही होते. समाज ज्या दुःखाची दखल घेत नाही, ज्यासाठी रजा मिळत नाही आणि कोणी भेटायला येत नाही, अशा दुःखाची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये केली, आणि पाळीव प्राण्याचा आजार व मृत्यू हे त्याचे ठळक उदाहरण मानले जाते. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असे दिसले होते की आजारी प्राण्याची काळजी घेणाऱ्यांवरचा ताण, त्यांची चिंता आणि खिन्नतेची लक्षणे निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा अधिक असतात. हे ऐकून मिलिंदराव थोडे सैल झाले. हिशेबाच्या माणसाला कोणीतरी मोजून पाहिले आहे याचा आधार वाटतो.

त्यांच्या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर मी दिले नाही, कारण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या: गोटूला काय होते आहे, आणि गोटूकडे पाहून मिलिंदरावांना काय होते आहे. दुसरीचे उत्तर त्यांना रोज रात्री मिळत होते आणि तेच ते पहिलीचे समजत होते. म्हणून पहिले काम ठरले ते पशुवैद्यांकडे पुन्हा जाण्याचे, मात्र या वेळी प्रश्न कागदावर लिहून. सुईचे दुखते का? भूक मंदावली ती आजाराने की मळमळीने? श्वासाकडे लक्ष का ठेवायचे? आजार कोणत्या टप्प्यावर आहे?

उत्तरे त्यांनी वहीत लिहून आणली. सुई टोचल्याचा त्रास क्षणाचा असतो, थंड द्रावणाचा त्याहून जास्त होतो, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून द्रावण अंगाइतके कोमट करून घ्यावे आणि सुई दर वेळी नवी वापरावी. अन्नाचा वास घेऊन तोंड फिरवणे आणि ओठ चाटत राहणे ही मळमळीची खूण असू शकते. त्यासाठी डॉक्टरांनी वेगळे औषध सुरू केले. किडनीचे खास खाद्य तो खातच नसेल तर जे खाईल ते द्यावे, कारण दोनतीन दिवसांचा उपासही मांजराच्या यकृताला घातक ठरू शकतो. स्वस्थ झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असावा. तो सतत अधिक राहिला तर पुढचे सलाइन न देता दवाखान्यात फोन करावा. याच भेटीत आणखी एक गोष्ट उघड झाली: त्याला बरे वाटावे म्हणून आजी अर्धी क्रोसिन देण्याच्या विचारात होत्या. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. ज्या घरात आजारी मांजर आहे तेथे हे वाक्य सर्वांना ऐकू जाईल असे एकदा मोठ्याने सांगावे, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सुचवते.

यानंतर आम्ही रात्री नऊचा तो प्रसंग तपासला, आणि माझ्या दृष्टीने सगळे काम येथेच वळले. गोटूला सुईपेक्षा पाठलागाचे भय होते. दिवाणाखालची जागा ही त्याची एकमेव सुरक्षित जागा होती आणि आपण ती दिवसाआड मोडत होतो. म्हणून असे ठरले की दिवाणाखालून त्याला कधीही ओढून काढायचे नाही. सलाइन सकाळी, तो आपणहून स्वयंपाकघरात येतो तेव्हा, ओट्यावर अंथरलेल्या एका ठरावीक चादरीवर द्यायचे, आणि ती चादर दुसऱ्या कशासाठीही वापरायची नाही. औषध त्याच्या आवडत्या मासळीत मिसळायचे नाही, कारण तसे केल्याने मांजर औषधाबरोबर त्या अन्नावरही फुली मारते. आणि संध्याकाळी मिलिंदरावांनी हातात काहीही न घेता त्याच्याजवळ नुसते बसायचे. हे शेवटचे त्यांना सर्वांत जड गेले. त्यांना काहीतरी करत राहायचे होते, आणि आपण केवळ परिचारक नव्हतो हे त्यांच्या पार विस्मरणात गेले होते.

सईला सांगावे की नाही यावर अनघाताईंशी बराच वाद झाला. माझे मत स्पष्ट होते: पंधरा वर्षांच्या मुलीला घरातला आजार कळत नाही असे मानणे ही मोठ्यांनी करून घेतलेली सोय असते. त्यांनी अखेर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही सांगत नव्हता म्हणून मी विचारलं नाही." पुढची नोंद तिनेच ठेवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज तीन गोष्टींवर खूण करी: गोटूने आपणहून खाल्ले का, अंग चाटून साफ केले का, गॅलरीत पारवे बघायला आला का. प्राण्याचे जगणे कितपत सुसह्य आहे हे सात निकषांवर प्रत्येकी दहापैकी गुण देऊन पाहण्याची एक पद्धत ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी मांडली आहे, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानतात. तो तक्ताही मी त्यांना दिला होता. त्याचा आकडा फार मनावर घेऊ नये असे मला वाटते, पण घरातल्या प्रत्येकाने तो स्वतंत्रपणे भरला तर कोण काय पाहत आहे हे लख्ख दिसते. अनघाताईंनी वेदनेच्या रकान्यात पूर्ण दहा गुण, म्हणजे वेदना अजिबात नाही असे, दिले होते, कारण गोटू ओरडत नव्हता आणि मांडीवर गुरगुरत होता. दुखणारे मांजर सहसा ओरडत नाही. ते डोळे अर्धवट मिटून, कान बाजूला पाडून, पाठ कमानीसारखी करून बसते, आणि त्रासात असतानाही गुरगुरते. हे कळल्यावर त्या गप्प झाल्या आणि त्यांनी तक्ता नव्याने भरला.

मर्यादा आधीच, सगळे शांत असताना ठरवून ठेवावी, असा माझा आग्रह असतो, कारण ऐन रात्री घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे छळतो. या कुटुंबाने असे ठरवले की सलग दोन दिवस तिन्ही खुणा रिकाम्या राहिल्या तर डॉक्टरांना बोलवायचे आणि नवा कोणताही उपचार सुरू करायचा नाही. आजींना दयामरण मान्य नव्हते. आयुष्य देणाऱ्याने ते न्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न मी केला नाही आणि इतरांनाही करू दिला नाही. सर्वांचे एकमत व्हावे लागत नाही. कोणाचे मत काय होते हे लपवावे लागू नये एवढे पुरते. त्या वेळी खोलीत थांबायचे की नाही, इतकेच त्यांना विचारले. त्या नाही म्हणाल्या.

ती वेळ उन्हाळ्यात, परीक्षेनंतर आली. पशुवैद्य घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन आणि ते पूर्ण लागू झाल्यावर शिरेतून दुसरे, हा क्रम आणि नंतर डोळे उघडेच राहू शकतात ही गोष्ट त्यांनी सईलाही समजावून सांगितली होती, त्यामुळे ती घाबरली नाही. अंत्यविधीची सोयही आधीच चौकशी करून ठेवली होती.

मिलिंदरावांची झोप काही आठवड्यांत बरीच सुधारली, तरी एक गोष्ट त्यांना सलत राहिली. आदल्या वर्षीच गोटू जास्त पाणी पिऊ लागला होता आणि त्यांनी ते उन्हाळ्यावर ढकलले होते. हे ओझे मी "तुमचा काही दोष नाही" असे म्हणून उतरवू शकत नव्हते, तो माझा अधिकारही नव्हता, म्हणून त्यांनी तो प्रश्न पशुवैद्यांनाच विचारावा असे सुचवले. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिले: तेव्हाच रक्त आणि लघवी तपासली असती तर आहार लवकर बदलता आला असता, कदाचित काही महिने अधिक मिळाले असते, आजार मात्र बरा झाला नसता, मांजर सात वर्षांचे झाले की ही तपासणी दरवर्षी करून घ्यावी. मिलिंदरावांनी मला हे सांगितले तेव्हा ते हलके झालेले नव्हते. "काही महिने," ते म्हणाले, "हे धरून चालता येईल. वर्षं म्हणाले असते तर अवघड होतं." पुढच्या भेटीला त्यांनी अनघाताईंना बरोबर आणायचे ठरवले, कारण घरातल्या अबोल्याविषयी आम्ही अद्याप बोललोच नव्हतो.