इटलीच्या मोहिमेतील कॅनेडियन सैनिक

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक फ्रान्समधील नॉर्मंडीखेरीज कुठे मोठ्या संख्येने लढले आणि इटलीची आघाडी त्यांच्या दृष्टीने दुय्यम होती का, असे आपण विचारले आहे. दोस्त राष्ट्रांच्या एकूण आखणीत इटलीला दुसरे स्थान होते हे खरे. परंतु कॅनडाचे पायदळ १० जुलै १९४३ रोजी इटलीच्या सिसिली बेटावर पाचिनोजवळ उतरले, म्हणजे नॉर्मंडीच्या जवळजवळ अकरा महिने आधी, आणि १९४५च्या आरंभापर्यंत इटलीतच लढत राहिले. सुमारे ९३ हजार कॅनेडियन या मोहिमेत होते आणि त्यांपैकी पाच हजारांहून अधिक कामी आले. अशा मोहिमेला त्या देशाच्या इतिहासात दुय्यम म्हणणे मला पटत नाही.

यातील सर्वांत भीषण प्रकरण ओर्तोनाचे आहे. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदी ओलांडून एड्रियाटिक किनाऱ्यावरील या लहान शहरात शिरलेल्या लॉयल एडमंटन आणि सीफोर्थ हायलँडर्स या पलटणींसमोर जर्मनीचे छत्रीधारी सैनिक होते. त्यांनी घरे पाडून गल्ल्या दगडमातीने बंद केल्या होत्या आणि मोकळा ठेवलेला रस्ता थेट मशीनगनच्या माऱ्यात जात होता. म्हणून कॅनेडियनांनी रस्ते टाळले. शेजारच्या घराची सामाईक भिंत स्फोटकांनी फोडायची, शक्यतो वरच्या मजल्यावरून आत शिरायचे आणि खाली उतरत एकेक खोली ताब्यात घ्यायची, अशी रीत त्यांनी प्रत्यक्ष लढतानाच घडवली. नाताळच्या दिवशी सीफोर्थच्या सैनिकांना एका चर्चमध्ये आळीपाळीने जेवू घातले गेले आणि जेवण आटोपताच ते पुन्हा लढाईत परतले. २८ डिसेंबरला जर्मन शहर सोडून गेलेले आढळले. शहराजवळच्या मोरो नदी युद्ध दफनभूमीत तेराशेहून अधिक कॅनेडियन चिरविश्रांती घेत आहेत.

मराठी वाचकांनी आवर्जून पाहावी अशी लढाई मात्र मे १९४४ मधील गारी नदीची आहे. कासिनोच्या दक्षिणेस आठवी भारतीय डिव्हिजन नदी ओलांडत असताना तिला कॅनेडियन रणगाड्यांचे पाठबळ होते. कॅप्टन किंग्समिल यांच्या कल्पनेनुसार बुरूज काढलेल्या रणगाड्यावर आख्खा बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा लष्करी पूल) ठेवून, मागून दुसऱ्या रणगाड्याने आधार देत, तो गोळीबारातच नदीवर नेऊन बसवण्यात आला. पलीकडच्या तीरावरील भारतीय पायदळाला रणगाड्यांची नितांत गरज असताना त्यांतले काही या पुलावरून पोहोचले. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटणही होती.

त्यानंतर हिटलर लाइन व गॉथिक लाइन या जर्मन संरक्षक फळ्या आणि पावसाने फुगलेल्या नद्या ओलांडत कॅनेडियन १९४४-४५च्या हिवाळ्यात सेनिओ नदीपर्यंत पोहोचले. तिथून त्यांना वायव्य युरोपात हलवण्यात आले. त्याच सेनिओवर ९ एप्रिल १९४५ रोजी याच मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना माऱ्यातून बाहेर काढून शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या निकामी केल्या आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.