आधी स्पर्शांची यादी कर

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एका आठवड्यात तीन बाळांना आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू, तिन्ही विषाणूंचे जनुकीय क्रम जवळजवळ सारखे, आणि तुझा प्रश्न, ‘म्हणजे पहिल्या बाळाकडूनच पसरला ना?’ अरे, क्रम जुळला तर विषाणूंचं नातं कळतं. कोणाकडून कोणाकडे गेला, ते नाही कळत. इन्क्युबेटरमधली बाळं एकमेकांकडे जात नाहीत. मध्ये कुणीतरी असतं, नाहीतर काहीतरी. लक्षणं दिसली तिथून दोन ते आठ दिवस मागे जा आणि प्रत्येक स्पर्श लिही. कोणी, कशाने, किती वाजता.

कंटाळवाणं काम आहे, माहीत आहे. मीही टाळलं होतं. चार बाळांचे डोळे लाल होऊन चिकटू लागले, अ‍ॅडिनोव्हायरस निघाला, आणि मी थेट सिस्टरांच्या हातांवर घसरलो. एकीला तर भर वॉर्डात बोललो. यादी झाली दहाव्या दिवशी, तीही हेडसिस्टर हटून बसल्या म्हणून. चौघांना हात लावलेली सिस्टर एकही नव्हती. चौघांची रेटिनाची तपासणी मात्र एकाच सकाळी झालेली, पापण्या उघड्या ठेवणाऱ्या एकाच तारेच्या चिमट्याने. दोन बाळांच्या मध्ये तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, बस्स. या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, तो नुसत्या पुसण्याला दाद देत नाही. चिमटा पुसून पुढे देणारा मीच होतो. तेव्हा रीतच तशी होती. सबब वाटली तर वाटू दे. त्या सिस्टरची माफी मागायची मात्र राहून गेली.

दूधही स्पर्शच, तेही लिही. सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, आईच्या दुधातून येऊ शकतो. दूध गोठवून तो कमी होतो, संपत नाही. ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की मरतो. पण गर्भातून आला की दुधातून, हे ठरवायला जन्मानंतर २१ दिवसांच्या आतला बाळाचा नमुना लागतो. तो घेतला नसेल तर आईसमोर ठाम बोलू नकोस. ‘माझ्या दुधामुळे’ हे वाक्य ती आयुष्यभर धरून बसते.

राउंडच्या आधी यादी पाठव. पोर्टेबल एक्स-रेची प्लेटही तिच्यात धर, ती सगळेच विसरतात. आरएसव्ही कडक पृष्ठभागावर काही तास तगतो. आणि मेलच्या शेवटी ‘मला जरा सर्दी होती’ असं सहज लिहिलं आहेस. कोणत्या तारखेला, ते यादीत पहिल्या ओळीत लिही.