आई-बाबा आणि मुलांना घेऊन गोव्यात चार रात्री: राहायचं कुठल्या भागात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून स्वतःच्या गाडीने येणार, सत्तरीच्या पुढचे आई-बाबा, तुम्ही दोघं आणि शाळेतली दोन मुलं. डिसेंबरचा पहिला आठवडा, चार रात्री. मित्र म्हणतात कळंगुट, मेहुणे म्हणतात दक्षिण गोवा, आईंना मंगेशी-शांतादुर्गा करायचंच आहे. मी पणजीत भाटले भागात राहतो. नोव्हेंबर उजाडला की घाटावरच्या नातेवाइकांचे याच प्रश्नाचे फोन सुरू होतात, त्यामुळे उत्तर तयारच आहे.

पणजीत राहा. पणजीतही कांपाल ते मिरामार या पट्ट्यात खोल्या बघा.

गोवा म्हटलं की लोक आधी समुद्रकिनारा ठरवतात आणि त्याच्या जवळचं हॉटेल शोधतात. पण किनाऱ्यावर आपण असतो सकाळी दोन-तीन तास, फार तर सूर्यास्ताला तासभर. रात्री आठनंतर काय? आई-बाबांना जेवून शतपावली घालायची असते, मुलांना आइस्क्रीम हवं असतं, तुम्हाला गाडीची किल्ली पुन्हा हातात घ्यायची नसते. तेव्हा हॉटेलच्या फाटकाबाहेर काय आहे ते बघून भाग निवडावा. कळंगुट-बाग्यात त्या वेळी रस्ता नुकता जागा होत असतो. उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, पण त्या नियमाच्या भरवशावर मी माझ्या आईला तिथे झोपवणार नाही. उलट दक्षिणेत माजोर्डा-बाणावलीकडे आतल्या गल्लीत खोली मिळाली तर आठनंतर चिटपाखरू नाही, दिवे अंधुक आणि कुत्री भरपूर. मिरामारला मात्र त्याच वेळी पणजीकर सहकुटुंब फिरायला आलेले असतात. बाकांवर आजी-आजोबा, वाळूत पोरं, भेळवाले. तुमचे आई-बाबा त्यात सहज मिसळून जातील. एवढं खरं की मिरामारचं पाणी पोहण्याचं नाही. मांडवीचं मुख तिथेच आहे, पाणी गढूळ आणि ओढ फसवी. मुलांना डुंबायला दुसरीकडे न्या.

दुसरं कारण नद्यांचं. नकाशात गोवा एवढासा दिसतो, म्हणून लोक हरमलला खोली घेतात आणि सकाळी उठून पाळोळ्याला निघतात. मधे मांडवी आणि जुवारी, सगळी वाहतूक मोजक्या पुलांवरून. पणजी या दोन नद्यांच्या मधे आहे. जुने गोवे दहाएक किलोमीटर, मंगेशी वीस-बावीस, कळंगुट पंधरा, मडगाव तेहतीस-चौतीस. पूर्वी पणजीहून मडगावला जायचं म्हटलं की जुवारी पुलाच्या तोंडाशी अर्धा-पाऊण तास अडकायचं ठरलेलं. नवा पूल दोन्ही बाजूंनी पूर्ण सुरू झाला डिसेंबर 2023 मध्ये. त्याआधी लिहिलेले 'पणजीत राहून दक्षिण गोवा जमत नाही' हे सल्ले आता मनावर घेऊ नका. सध्याची डोकेदुखी उत्तरेला आहे: पर्वरीत महामार्गावर उड्डाणपुलाचं काम काढलंय, ते चालू असेल तोवर म्हापशाकडे जायचं तर सकाळी नऊच्या आत मांडवीचा पूल ओलांडा.

आता पणजीतलेच कोपरे, कारण 'पणजी' एवढंच टाकून शोधलंत तर भलतीकडे जाल.

मळा-फोंताइन्हासचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पिवळ्या-निळ्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, जुन्या घरांत केलेली छोटी गेस्ट हाऊस. दोघंच येणार असतात तर मी डोळे मिटून तिकडे पाठवलं असतं. पण त्या घरांचे लाकडी जिने चढताना कठड्याला धरून एकेक पायरी मोजावी लागते, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही, आणि गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं. तुमची सात सीटर तिथे लावणार कुठे? सकाळी साडेसातला चालत चक्कर मारून या. तेव्हा पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत दारोदार फिरत असतो, मागच्या टोपलीत निळ्या प्लॅस्टिकखाली गरम उंडे आणि पोळ्या (दोन्ही इथले पावच) असतात, आणि फोटोवाल्यांची झुंबड उडालेली नसते. लोक त्या घरांत राहतात, हे मुलांना आधी सांगा. दारात उभं राहून पोझ देणाऱ्यांना कंटाळून काहींनी पाट्या लावल्या आहेत.

पाटोला, म्हणजे कदंब बसस्टँडच्या बाजूला, हॉटेलं चांगली आहेत, पार्किंगही मिळतं. बसने येणाऱ्याला उत्तम. संध्याकाळी मात्र तिथे ऑफिसं बंद झाली की काहीच उरत नाही. जुन्या सचिवालयाच्या आसपासचा नदीकाठ टाळा. समोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, आणि फुटपाथवरून चालताना 'सर, कॅसिनो?' म्हणत मागे लागणारी पोरं. वडिलांसोबत चालताना नको वाटतं. आल्तिनो शांत आहे, पण टेकडी आहे. गुडघे दुखत असतील तर विसरा. दोनापावला सुंदर, पण रोजच्या सामानासाठी गाडी काढावी लागते.

कांपालला कला अकादमी आहे, चार्ल्स कुरिया यांनी बांधलेली. तिथे मराठी नाटकाची स्पर्धा चालू असेल तर एक संध्याकाळ जरूर द्या. नदीकाठचा रस्ता सपाट, फुटपाथ रुंद, बाजार दोन किलोमीटरच्या आत. मुलांसाठी मिरामारला विज्ञान केंद्र आहे. आणि ही गोष्ट कुणी विचारत नाही पण मी सांगतो: बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं सरकारी इस्पितळ, इथून सात-आठ किलोमीटरवर आहे. सत्तरीची माणसं बरोबर असताना हे माहीत असलेलं बरं.

आईंचा देवदर्शनाचा दिवस फोंड्याकडे. मंगेशी, म्हार्दोळ, मग रामनाथी, नागेशी, कवळे (शांतादुर्गा इथलीच) असं एका दिवसात निवांत होतं. पहिली रात्र तिकडेच काढायची असेल तर देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तनिवास, आहेत. खोल्या साध्या, मासे-मटण-दारू चालत नाही, फाटक वेळेत बंद होतं. पण पहाटे तळीच्या काठावर बसून चौघडा ऐकायला मिळतो. आरक्षणासाठी देवस्थानच्या कार्यालयात स्वतः फोन करा, एजंट नको.

मेहुण्यांचंही अगदीच चुकत नाही. मुलांना समुद्र मनसोक्त हवा असेल तर तीन रात्री पणजी आणि चौथी पाळोळ्याला, असं वाटून घ्या. पाळोळ्याचा किनारा अर्धचंद्रासारखा आत वळलेला आहे, त्यामुळे लाटा मवाळ असतात. पण पणजीहून ते सत्तर किलोमीटर आहे आणि घरी जाताना उलटा फेरा पडतो, म्हणून रात्र काढणार असाल तरच जा. लाल बावटा लावला असेल तर पाण्यात उतरू नका, जीवरक्षकाशी वाद घालू नका.

येताना बेळगावहून चोर्ला घाटाने दिवसाउजेडी उतरा. साखळीहून आमोणे, माशेल, बाणस्तारी करत जुने गोवेमार्गे पणजीत शिराल तर पर्वरीची कोंडी लागतच नाही. आंबोलीने आलात तर ती लागणार.

खोली ठरवण्याआधी हॉटेलला फोन करून तीन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, गाडी आवारात राहील की रस्त्यावर, आणि नकाशावरची खूण बरोबर आहे का. हडफडे-नागव्यातली हॉटेलं बिनदिक्कत 'कळंगुट बीच' म्हणून विकली जातात, तसं ताळगावातलं हॉटेल 'मिरामार' होऊन बसतं. पणजीत बरीच दुकानं दुपारी एक ते साडेतीन बंद असतात, तो वेळ झोपेचा धरा.

तुमच्या तारखांबद्दल एक. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, असतं, त्या दिवशी तिकडची चर्च बघायला आणि तो रस्ता वापरायला जाऊ नका. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. त्यासाठी आसपासच्या रस्त्यांवर फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार, भरते, गर्दी असते पण आपलेपणाची. तोवर थांबणार असाल तर गाडी हॉटेलवरच ठेवा, चालत जा आणि खाजं (जत्रेतली गूळ-आल्याची मिठाई) घ्या. आल्याचा झणका लागला तर ते ताजं समजा.