सगळे तिकडेच अप्लाय करतायत, मग मीपण करू का?

तुझा प्रश्न वाचला. ऐरोलीचा, मेकॅनिकल, ८ सीजीपीए, जर्मनीत मास्टर्स करायचंय, आणि कन्सल्टंट म्हणतोय की पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्गला हल्ली जाम डिमांड आहे, तिथेच टाक. मी नौपाड्याचा, जर्मनीत सहा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिमांड का वाढते ते आधी बघ. म्युनिकच्या टीयूने, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटीने, २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या पोरांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. स्टुटगार्ट, कार्ल्सरूहकडे २०१७ पासूनच सेमिस्टरला १५०० युरो आहेत. मग ज्याला फी नको आणि भाडं कमी हवं तो पूर्वेकडच्या गावांकडे वळणारच ना, त्यात कोर्स इंग्लिशमध्ये, आधी गेलेला सिनियर व्हॉट्सॲपवर असतोच, की पुढची बॅच तिकडेच. म्हणजे तिथे शिकवतात वाईट असं नाही, पण गर्दीचं कारण शिकवणं असेलच असंही नाही.

मी असंच केलं. पूर्वेकडचं एक छोटं गाव, अर्धा वर्ग आपल्याकडचा, गणपती बसवला, दर शनिवारी कोणाच्या तरी रूमवर मिसळ, मस्त गेली दोन वर्षं, पण जर्मन ए१ च्या, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलच्या, पुढे गेलंच नाही कारण गरजच पडली नाही. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यातले माझे दहा बी१ (तिसरी लेव्हल) करण्यात आणि रिजेक्शनचे मेल वाचण्यात गेले.

म्हणून तू कॉलेजचं नाव नंतर बघ, आधी त्या शहरापासून तासाभरात तुझ्या फील्डच्या किती कंपन्या वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता पार्ट-टाइम काम करणारी पोरं, घेतात ते जॉब साइटवर शोध, आणि त्यांना जर्मन किती लागतं तेही वाच. मग कोर्सचं मोड्यूलहँडबूख, म्हणजे विषयवार माहितीचं पुस्तक, उघडून आपल्या सिलॅबसशी जुळव, इथे बरेच जण ठराविक विषयांचे क्रेडिट कमी पडले म्हणून उडतात, मार्कांमुळे नाही. तुझे ८ म्हणजे मॅक्झिमम १० आणि पासिंग ४ धरलं तर जर्मन ग्रेड २.० येते (तिकडे १ सगळ्यात चांगली, ४ काठावर पास), चांगली आहे, उगाच घाबरून खालचं काही घेऊ नकोस.

आणि कन्सल्टंट अचानक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी सुचवायला लागला तर कमिशन कुठून येतं ते विचार. सरकारीवाले देत नाहीत, बऱ्याच प्रायव्हेट देतात.

पैशाचं, व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ हातात. म्युनिकमध्ये त्यात रूम आणि जेवण दोन्ही बसवणं कठीण, छोट्या गावात जमतं, हा मुद्दा मात्र कन्सल्टंटचा बरोबर आहे. एपीएसचे, म्हणजे आपली डिग्री-मार्कशीट तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचे, १८,००० रुपये वेगळे, ते आत्ताच टाक, त्याशिवाय व्हिसा नाही.

जर्मनचा क्लास या महिन्यात लाव. काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन ऐरोलीहून लांब पडत असेल तर ऑनलाइन बॅच घे. पाच-सहा कोर्सची लिस्ट झाली की पाठव, रविवारी बघतो.